बर्पी केली की दुसऱ्या दिवशी कंबर धरते: दोष नेमका कुठे शोधायचा

मंगळवारी बर्पी, बुधवारी कंबर. बर्पी म्हणजे उकिडवं बसून हात जमिनीवर टेकायचे, पाय मागे टाकायचे, पुन्हा पुढे आणायचे आणि उठून उडी मारायची, असा व्यायाम. दोन दिवस शेक आणि आराम, शुक्रवारी पुन्हा बर्पी, आणि शनिवारी सकाळी बेसिनवर वाकून चूळ भरताना तीच चमक, त्याच जागी. माझं हे चक्र जवळजवळ चार महिने चाललं. कंबर कमजोर असेल असं धरून मी पाठीचे व्यायाम वाढवले, तेल चोळून झालं, पट्टाही बांधून पाहिला. मग एकदा मैत्रिणीने गच्चीच्या कठड्यावर फोन टेकवून बाजूने व्हिडिओ काढला आणि तो मंद गतीत लावून दाखवला. पहिल्या पाच बर्पींत पाठ सरळ होती. सहाव्या बर्पीपासून दोन्ही पाय मागे पडले की पोट झोळीसारखं खाली जात होतं, आणि तिथून पुढची प्रत्येक बर्पी तशीच. मी वीस करत होते, म्हणजे पंधरा वेळा कंबरेला तोच झटका.

त्यानंतर आमच्या सकाळच्या ग्रुपमध्ये ज्यांची कंबर धरायची त्यांचे असेच व्हिडिओ काढायला लागले. बहुतेकांची चूक ठरावीक तीन-चार जागी सापडते. त्या जागा आणि त्यांवरचे उपाय इथे लिहिते आहे.

आधी दुखणं ओळखा

बर्पीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या, खांदे, छाती आणि पोट ठणकणं स्वाभाविक आहे. हे ठणकणं पसरलेलं असतं, हालचाल केली की थोडं सैल होतं आणि दोन-तीन दिवसांत जातं. त्याची काळजी नको. ही पोस्ट ज्या दुखण्याबद्दल आहे ते कंबरेच्या खालच्या भागात, पट्टा बांधतो त्या रेषेत असतं. वाकताना किंवा बसल्या जागेवरून उठताना चमकतं, आणि दर वेळी बर्पीच्याच मागोमाग येतं.

कळ कुल्ल्यातून मांडीमागे उतरून गुडघ्याच्या खाली जात असेल, पायाला मुंग्या येत असतील, पाऊल बधिर किंवा लुळं वाटत असेल, तर व्यायाम बंद करून डॉक्टरांकडे जा. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं किंवा मांड्यांच्या आतल्या भागाची संवेदना जाणं ही तातडीची लक्षणं आहेत. त्यात एक दिवसही घालवू नका. बर्पी करताना छातीत दाब आला किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊन तोल गेला, तरी हाच नियम. ज्यांना रक्तदाब, हृदयविकार किंवा मणक्याचा जुना त्रास आहे त्यांनी, तसंच गरोदर बायकांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय या व्यायामाला हात घालू नये.

मूळ बर्पी फक्त चार पायऱ्यांची आहे

हे माहीत असलं की दोष शोधणं सोपं जातं, म्हणून थोडा इतिहास. न्यूयॉर्कच्या रॉयल बर्पी नावाच्या शरीरक्रिया अभ्यासकाने 1930 च्या दशकात माणसाची तंदुरुस्ती पटकन मोजण्यासाठी ही हालचाल बसवली. चारच वेळा करायची, आणि आधीची नि नंतरची नाडी पाहायची. उकिडवं बसून हात जमिनीवर, दोन्ही पाय मागे, दोन्ही पाय पुढे, उभं राहा, संपलं. त्यात छाती जमिनीला लावणं नव्हतं आणि शेवटची उंच उडीही नव्हती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्याने जवानांची चाचणी म्हणून ती घेतली, तिथून ती कवायतीत शिरली, आणि पुढे कधीतरी जोर आणि उडी तिला जोडली गेली.

म्हणजे चार आवर्तनांची चाचणी म्हणून जन्मलेली गोष्ट आज आपण शंभराच्या आव्हानात करतो, तीही दोन जादा पायऱ्या लावून. मला शंभराचं आव्हान आवडत नाही, हे स्पष्टच सांगते. दमल्यावर शरीर आपोआप सोपी वाट शोधतं, आणि बर्पीत ती सोपी वाट कंबरेतून जाते.

एका व्हिडिओत निदान

फोन जमिनीपासून गुडघ्याच्या उंचीवर, शरीराच्या बरोबर बाजूला, तीन मीटर लांब ठेवा. समोरून काढलेला व्हिडिओ कंबरेसाठी निरुपयोगी आहे. अंगाबरोबर बसणारा टी-शर्ट घाला, ढगळ कपड्यात पोट दिसत नाही. नेहमीच्या वेगाने, नेहमीच्या संख्येने बर्पी करा. कॅमेरा आहे म्हणून नीट करायला जाऊ नका. नंतर मंद गतीत पाहताना दोनच क्षणांवर थांबायचं: मागे गेलेले पाय जमिनीला लागतात तो, आणि पुढे आलेले पाय जमिनीला लागतात तो. पहिल्या क्षणी खांदा, कुल्ला आणि टाच एका रेषेत हवेत. दुसऱ्या क्षणी टाचा टेकलेल्या आणि छाती गुडघ्यांच्या वर हवी. कितव्या बर्पीला हे बिघडलं तो आकडा लिहून ठेवा. पुढे तो लागणार आहे.

पोट खाली पडणं: सगळ्यात जास्त सापडणारी चूक

पाय झपकन मागे फेकले की त्यांच्या वेगाने ओटीपोट आणि कुल्ले पाय टेकण्याच्या क्षणी खाली ओढले जातात. त्या क्षणी पोटाचे स्नायू आधीच आवळलेले नसतील, तर थांबवण्याचं काम कंबरेच्या मणक्यांमागचे सांधे करतात. त्यात भर पडते ती मांडी वर उचलणाऱ्या खोल स्नायूची. तो कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेला असतो. आठ-आठ तास खुर्चीत बसणाऱ्यांचा तो आखडलेला असतो, आणि पाय मागे ताणला गेला की तो कंबरेला पुढे, म्हणजे जमिनीकडे, खेचतो. एक-दोनदा काही होत नाही. पंधरा वेळा होतं.

उपाय वेळेचा आहे. पोट पाय टेकल्यावर आवळून उपयोग नाही, पाय निघण्याआधी आवळायचं. कुणीतरी गमतीने पोटात बुक्की मारणार आहे असं वाटल्यावर पोट जसं घट्ट होतं, तसं. पोट आत ओढून श्वास कोंडायचा नाही. हात जमिनीवर टेकले की "पोट" असं मनात म्हणा, मग पाय सोडा. फुंकर मारल्यासारखा श्वास सोडत पाय मागे टाकले तर पोट आपोआप आवळतं. मला ही युक्ती सगळ्यात लवकर साधली. आणि पाय एकदम लांब फेकू नका. ते जेवढे लांब पडतील तेवढा कुल्ल्यांना खाली पडायला वाव मिळतो. सुरुवातीला कुल्ले खांद्यांपेक्षा चार बोटं वर राहिले तरी चालेल.

घरी एक तपासणी करा. प्लँकमध्ये, म्हणजे तळवे आणि चवड्यांवर अंग फळीसारखं सरळ धरून राहा आणि घरातल्या कुणाला तरी पाठीवर लांब काठी ठेवायला सांगा. काठी डोक्याच्या मागे, दोन खवाट्यांच्या मध्ये आणि माकडहाडापाशी अशी तीन जागी टेकायला हवी. काठी आणि कंबर यांच्यामध्ये जेमतेम तळहात जाईल एवढीच फट हवी. असं 30 सेकंद टिकत नसेल, तर उडी मारून त्या स्थितीत जाण्याची तुमची अजून वेळ आलेली नाही. आधी प्लँक पक्का करा.

भुजंगासनाची सवय आडवी येते

हे मला दुसऱ्या कुठल्या माहितीत आढळलं नाही, पण आमच्याकडे वारंवार दिसतं. आपल्यापैकी अनेकांनी शाळेत सूर्यनमस्कार घातलेत, काहींनी तालमीत जोर मारलेत. जोर मारताना छाती जमिनीलगत पुढे नेऊन मान वर काढतो, सूर्यनमस्कारात साष्टांगातून भुजंगासनात येतो. दोन्हीकडे कंबरेची कमान मुद्दाम घडवलेली असते आणि संथपणे येते. तेच वळण अंगात असलेला माणूस छाती टेकवण्याची बर्पी करताना जमिनीवरून आधी छाती उचलतो, मांड्या खालीच राहतात, आणि त्या कमानीतून तो थेट पाय पुढे ओढतो. म्हणजे मागे पूर्ण वाकलेली कंबर एका सेकंदात पुढे पूर्ण वाकते, तीही भार घेऊन. भुजंगासन चांगलंच आहे. त्याला असा झटका देणं चांगलं नाही.

जमिनीवरून उठताना छाती आणि मांड्या एकाच वेळी सुटल्या पाहिजेत, फळी उचलल्यासारख्या. तेवढी ताकद दंडात नसेल तर छाती टेकवूच नका. मूळ बर्पीत ती टेकत नव्हती, तेव्हा काही गमावत नाही. हवं तर गुडघे टेकून उठा. त्यात कमीपणा वाटून घेऊ नका.

सूर्यनमस्कारांकडून घेण्यासारखी गोष्ट दुसरीच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी जे सूर्यनमस्कार घराघरांत आणि शाळांत पोचवले, त्यांत आधी एक पाय मागे जातो, मग दुसरा. दुखऱ्या कंबरेची बर्पी दुरुस्त करायची पहिली पायरी तीच: उडी मारून दोन्ही पाय न फेकता एकेक पाय मागे, एकेक पाय पुढे. नाडी तरीही चढते, पण कंबरेला झटका बसत नाही. डावा-उजवा पाय मात्र दर आवर्तनाला आलटून-पालटून पहिला घ्या.

पाय पुढे येतात पण पुरेसे येत नाहीत

व्हिडिओतला दुसरा थांबा हा. पाय हातांच्या बरेच मागे पडतात, गुडघे जवळजवळ सरळ राहतात, पाठ गोल होते आणि माणूस धान्याचं पोतं उचलावं तसा कंबरेतून उठतो. ज्यांची चमक पुढे वाकताना जास्त येते, त्यांच्यात हीच चूक सापडते.

कारण बहुधा घोट्यात किंवा मांडीमागच्या आखडलेल्या शिरांत असतं. टाचा टेकवून उकिडवं बसून पाहा. मागे पडायला होत असेल किंवा टाचा उचलत असतील तर घोटा आखडला आहे. भिंतीसमोर उभं राहून अंगठा भिंतीपासून साधारण 10 सेंटीमीटर मागे ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर घोटा पुरेसा मोकळा आहे. नसेल तर हीच हालचाल रोज प्रत्येक पायाने पंधरा-वीस वेळा करा. काही आठवड्यांत फरक पडतो. खुर्चीवर आणि कमोडवर आयुष्य गेलेल्यांना उकिडवं बसणं नव्याने शिकावं लागतं. आजीच्या पिढीला ते शिकवावं लागलं नव्हतं.

घोटा मोकळा होईपर्यंत दोन सोयी करा. एक, पाय हातांच्या मागे आणण्याऐवजी हातांच्या बाहेर, खांद्यांपेक्षा रुंद टाका. पोटाला जागा मिळते आणि पाठ गोल होत नाही. दोन, हात जमिनीऐवजी उंचावर ठेवा. भिंतीला टेकवलेली भक्कम खुर्ची, जिन्याची दुसरी पायरी किंवा गच्चीतला बसायचा कट्टा चालतो. प्लास्टिकची खुर्ची मुळीच नको, ती सरकते. हात उंचावर असले की कंबरेवरचा भार लगेच कमी होतो, आणि पन्नाशीच्या पुढच्या लोकांनी कायम अशीच बर्पी केली तरी चालते.

खाली जातानाची चूकही यातलीच आहे. हात पायांपासून दोन फूट पुढे टेकवायला गेलात तर गुडघे न वाकता कंबर वाकते. आधी उकिडवं बसा, मग हात पावलांच्या लगेच पुढे ठेवा.

सगळं बरोबर आहे, तरी सकाळीच दुखतं?

मग घड्याळ पाहा. रात्रभर आडवं राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, आणि उठल्यावर पहिल्या तासाभरात पुढे वाकताना कंबरेवर ताण जास्त येतो. साडेपाचला उठून पावणेसहाला बर्पी सुरू करणाऱ्यांना हे विशेष लागू. मी वेळ बदलली नाही, क्रम बदलला: उठल्यावर चहा, घरातली किरकोळ कामं, मग मैदानापर्यंत दहा-बारा मिनिटं झपझप चालणं, आणि बर्पी सगळ्यात शेवटी. भरतीची तयारी करणाऱ्या मुलांनाही हेच सांगते. ती मुलं आल्या आल्या वॉर्मअप म्हणून बर्पी मारतात आणि मग धावायला जातात. बर्पी हा वॉर्मअप नाही. वॉर्मअप झाल्यावर करायचा व्यायाम आहे.

मनगट, गुडघे, धाप

मनगट दुखत असेल तर बहुतेक वेळा दोष जाड मऊ मॅटचा निघतो. तळव्याचा मागचा भाग त्यात रुततो आणि मनगट आणखी मागे वाकतं. टणक जमिनीवर करा, किंवा तळव्याच्या मागच्या भागाखाली घट्ट घडी केलेला टॉवेल घ्या. बोटं खालच्या पातळीवर राहिली की मनगटाचा कोन कमी होतो. बोटं पसरून जमीन पकडल्यासारखी दाबा. पावसाळ्यात गच्चीची फरशी शेवाळलेली असते, तिथे बर्पी करूच नका.

गुडघ्यासाठी एकच पाहायचं: उडीनंतर उतरताना गुडघे आत एकमेकांकडे वळतात का. चवड्यांवर उतरून लगेच टाच टेकवा, गुडघे पावलांच्या दिशेने ठेवा. उतरताना धप्प आवाज येत असेल तर सांध्यांवर मार बसतो आहे. खालच्या मजल्यावरचे शेजारी तक्रार घेऊन आले तर त्यांचं ऐका. ती तक्रार तुमच्या गुडघ्यांचीही आहे.

धाप लागणं अपेक्षित आहे, श्वास कोंडणं नाही. पाय मागे जाताना सोडा, पुढे येताना घ्या, उठताना सोडा. सूर्यनमस्कारात एका स्थितीला एक श्वास मोजण्याची सवय असलेल्यांचा इथे गोंधळ होतो. वेगात ते जमत नाही, जमवायला जाऊ नका. उभं राहिल्यावर गरगरत असेल तर वेग कमी करा आणि सेट संपल्यावर एकदम न थांबता जागच्या जागी चालत राहा.

दुरुस्तीचा क्रम

कंबर चमकत असेपर्यंत बर्पी पूर्ण बंद. चालणं चालू ठेवा. अंथरुणात पडून राहिल्याने कंबर आणखी आखडते. चमक गेली की पहिले दोन आठवडे हात उंचावर, एकेक पाय मागे, उडी नाही. पाच-पाच आवर्तनं, मध्ये पाऊण मिनिट विश्रांती, असे सहा सेट. आठवड्यातून तीनच दिवस, एक दिवसाआड. दुसऱ्या दिवशी सकाळी कंबर शांत असेल तरच पुढे जा.

मग हात जमिनीवर, पाय अजूनही एकेक. त्यानंतर पाय मागे जाताना एकेक आणि पुढे येताना दोन्ही एकदम. हा मधला टप्पा लोक गाळतात, पण कंबरेसाठी तोच सगळ्यात उपयोगी आहे, कारण धोका मागे जाण्यात जास्त असतो आणि इथे तेवढाच भाग संथ ठेवलेला असतो. ते जमलं की दोन्ही पाय मागे. दर टप्प्याला किमान एक आठवडा द्या, आणि दर टप्प्याच्या शेवटी पुन्हा बाजूने व्हिडिओ काढा.

सेटमध्ये किती करायच्या, हे तुम्ही लिहून ठेवलेला आकडा ठरवतो. सहाव्या बर्पीला पोट पडलं असेल तर सेट चारचा. जिथे बिघडतं त्याच्या दोन आधी थांबायचं, मग कितीही दम शिल्लक असो. एकूण संख्या वाढवायची असेल तर सेट वाढवा, सेटमधल्या बर्पी नकोत. चाळीस करायच्या तर चारचे दहा सेट. पंधरा-वीस मिनिटांत होतात आणि घाम तेवढाच निघतो.

शेवटची उडी सगळ्यात उशिरा परत आणा. मी ती तीन महिन्यांनी आणली, सुरुवातीला प्रत्येक सेटच्या शेवटच्या बर्पीलाच, आणि उंची फक्त फरशी सुटेल एवढी. छाती जमिनीला लावणं अजून परत आणलेलं नाही. सध्या आठचे पाच सेट करते, मंगळवार-गुरुवार-शनिवार, आणि बुधवारी सकाळी बेसिनवर वाकते तेव्हा कंबरेची आठवण येत नाही.